प्रस्तावना : मागच्या बाकावरचा सहकारी

महाराष्ट्रात पहिलीच्या वर्गाला शिकवायचे असेल तर डी.एड. लागते, नववी-दहावीला शिकवायचे असेल तर बी.एड. या दोन्ही अभ्यासक्रमांत खऱ्या शाळेत जाऊन पाठ घ्यावे लागतात. मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात आणि पाठ संपल्यावर वहीत त्यांचे शेरे मिळतात. महाविद्यालयात एफवायच्या 120 जणांच्या तुकडीपुढे उभे राहण्यासाठी यातले काहीच लागत नाही. एम.ए. किंवा एम.एस्सी., नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी., मग मुलाखत, आणि सोमवारपासून तास सुरू. सेटच्या पहिल्या पेपरात अध्यापन अभियोग्यतेवर काही प्रश्न असतात, मुलाखतीत कधी दहा मिनिटे शिकवून दाखवायला सांगतात. एवढ्या तयारीवर तरुण अध्यापक वर्गात जातो आणि पुढची तीस वर्षे तिथे असतो. त्या तीस वर्षांत विषय जाणणारे दुसरे कोणी त्याच्या वर्गात येऊन पूर्ण तास बसले, असे बहुधा एकदाही घडत नाही.

हे पुस्तक त्या तीस वर्षांबद्दल आहे. नेमणूक झाल्यावर अध्यापकाचे शिकवणे सुधारावे म्हणून विद्यापीठे काय करतात, जगात कुठे काय करून पाहिले गेले आणि आपल्या महाविद्यालयांत त्यातले काय चालेल, हा त्याचा विषय. या कामाचा अर्धा भाग आपल्याकडे बऱ्यापैकी झाला आहे आणि उरलेल्या अर्ध्याला आपण हातच लावलेला नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. तो राहिलेला अर्धा भाग मला इथे वाचकांपुढे ठेवायचा आहे.

1964 ते 1966 या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष डॉ. दौलतसिंह कोठारी होते आणि सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. आयोगाच्या शालेय शिक्षणाविषयीच्या शिफारशींवर आपल्याकडे अजून चर्चा होते. उच्च शिक्षणाच्या भागातल्या दोन साध्या सूचना मात्र फारशा कोणाच्या ध्यानात नाहीत. एक सूचना अशी की नव्या अध्यापकांसाठी विद्यापीठांनी नियमित उद्बोधन वर्ग घ्यावेत आणि मोठ्या विद्यापीठांत त्यासाठी कायमचे स्टाफ कॉलेज असावे. दुसरी अशी की नवख्या अध्यापकाला संस्थेत रुळायला थोडा अवधी द्यावा, आणि चांगले शिकवणाऱ्यांच्या तासांना जाऊन बसण्यासाठी त्याला उत्तेजन द्यावे.

पहिल्या सूचनेला वीस वर्षांनी रूप आले. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने 1987 पासून देशभर अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे काढली. मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, शेजारी गोवा, अशा विद्यापीठांत ती उभी राहिली. पुढे त्यांची नावे बदलत गेली: आधी मानव संसाधन विकास केंद्र, आणि 2023 पासून मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. अध्यापकांच्या बोलण्यात मात्र ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’ हेच दोन शब्द राहिले. ओरिएंटेशन चार आठवड्यांचे, किमान 144 तासांचे. रिफ्रेशर तीन आठवड्यांचे, 108 तासांचे, अशी मूळ आखणी होती. ओरिएंटेशनचे चार भाग होते: समाज, पर्यावरण, विकास आणि शिक्षण यांचा संबंध; शिक्षणाचे तत्त्वज्ञान, भारतीय शिक्षणव्यवस्था आणि अध्यापनशास्त्र; ज्ञानाची साधने आणि संशोधन; व्यवस्थापन आणि व्यक्तिमत्त्व विकास.

या वर्गांची हेटाळणी करण्याची एक रीत पडली आहे. ती मला मान्य नाही. तालुक्याच्या गावी एकट्याने विषय सांभाळणाऱ्या अध्यापकाला या वर्गांत आपल्याच विषयाची माणसे पहिल्यांदा मोठ्या संख्येने भेटतात. गडचिरोलीचा अर्थशास्त्राचा अध्यापक आणि रत्नागिरीची अध्यापिका एका वसतिगृहात जेवताना अभ्यासक्रमावर बोलतात, पुस्तकांची नावे वहीत उतरवून घेतात, आणि त्यातून जमलेली ओळख निवृत्तीपर्यंत टिकते. एखादे व्याख्यान असे मिळते की जुना धडा पुन्हा नव्याने शिकवावासा वाटतो. हे मोल खरे आहे.

पण ओरिएंटेशनच्या चार भागांकडे पुन्हा पाहा. अध्यापनशास्त्र एका भागाच्या शेवटी येते, आणि तेही व्याख्यानातून. गटचर्चा कशी घ्यावी हेसुद्धा तिथे बहुतेक वेळा भाषणातूनच सांगितले जाते. शिवाय ज्या वर्गाला शिकवायचे तो वर्ग शंभर-दोनशे किलोमीटर दूर असतो. अध्यापक परत येतो तेव्हा तीच खोली, तीच तुकडी आणि तेच वेळापत्रक त्याची वाट पाहत असते. त्या आठवड्यांत जे ऐकले ते या खोलीत कसे उतरवायचे, हे विचारायला जवळ कोणी नसते. प्रशिक्षणाचा सर्वात अवघड टप्पा इथे सुरू होतो आणि नेमकी इथेच विद्यापीठाची मदत थांबते.

मग प्रमाणपत्राचा प्रश्न येतो. पदोन्नतीसाठी, म्हणजे ‘कॅस’साठी, हे वर्ग सक्तीचे आहेत. त्यामुळे ड्यू डेट जवळ आली की अध्यापक रिफ्रेशर शोधू लागतो. विषय जुळला तर उत्तम, नाहीतर जिथे जागा असेल तिथे. 2020 च्या टाळेबंदीत ऑनलाइन कार्यक्रमांचा पूर आला आणि चार प्रश्नांचा फॉर्म भरून प्रमाणपत्र ईमेलने घरी येऊ लागले. यात अध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. व्यवस्था ज्याची नोंद ठेवते ते माणूस जमा करतो. आणि शिकवण्याविषयी व्यवस्था नोंद कशाची ठेवते? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत अध्यापनाची श्रेणी ठरते ती नेमून दिलेल्या तासांपैकी किती तास घेतले यावर: 80 टक्के किंवा अधिक घेतले तर चांगले, 70 ते 80 टक्के समाधानकारक, त्याखाली असमाधानकारक. तास घेतले जाणे महत्त्वाचे आहे, त्याची नोंद हवीच. पण त्या तासांत काय घडले याची एक ओळही पदोन्नतीच्या फाइलीत कुठे लागत नाही. ज्याचे विद्यार्थी एरवी नापास झाले असते पण त्याच्या हातून सावरले, अशा अध्यापकाचा आणि वर्षानुवर्षे त्याच पिवळ्या पडलेल्या नोट्स डिक्टेट करणाऱ्याचा रकाना सारखाच भरतो. हा अन्याय चांगल्या अध्यापकावर आहे, आणि त्याहून अधिक विद्यार्थ्यांवर.

आता त्या राहिलेल्या दुसऱ्या सूचनेकडे येतो. एकमेकांच्या वर्गात बसणे.

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाने 1962 साली अध्यापन आणि अध्ययन यांवर संशोधन करणारे केंद्र काढले. विद्यापीठाने स्वतःच्या अध्यापकांसाठी काढलेले अशा प्रकारचे ते त्या देशातले पहिले केंद्र मानले जाते. तिथली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. सत्राच्या मध्यावर अध्यापक केंद्रातल्या सल्लागाराला आपल्या वर्गात बोलावतो. सल्लागार तास पाहतो. शेवटची काही मिनिटे उरली की अध्यापक बाहेर जातो. मग सल्लागार विद्यार्थ्यांचे छोटे गट करून दोन गोष्टी विचारतो: या वर्गात तुम्हाला शिकायला कशाची मदत होते, आणि काय बदलले तर अधिक मदत होईल? गटांची उत्तरे सगळ्यांसमोर मांडली जातात आणि कुठे एकमत आहे, कुठे नाही, हे तिथेच स्पष्ट होते. नंतर सल्लागार आणि अध्यापक दोघेच बसून त्यावर बोलतात. पुढच्या तासाला अध्यापक वर्गाला सांगतो की तुम्ही सांगितले त्यापैकी इतके मी बदलणार आहे आणि अमुक एक गोष्ट या कारणामुळे बदलता येणार नाही.

या पद्धतीचे बळ दोन गोष्टींत आहे. ती सत्राच्या मध्यावर होते, म्हणजे ज्या मुलांनी सांगितले त्यांनाच त्याचा लाभ मिळतो. आणि ती पूर्णपणे गोपनीय असते. विभागप्रमुखाला किंवा बढती देणाऱ्या समितीला तिचा मजकूर कळत नाही. आपल्याकडे फीडबॅक फॉर्म वर्ष संपताना भरून घेतात. महाविद्यालयाचा गुणवत्ता कक्ष (आयक्यूएसी) त्याची सरासरी काढतो, आलेख मूल्यांकन करणाऱ्या ‘नॅक’साठीच्या अहवालाला जोडला जातो, आणि अध्यापकाच्या हाती पडतो एक आकडा. पाचपैकी 3.9 मिळाले म्हणून दुसऱ्या दिवशी वर्गात काय वेगळे करायचे, हे त्या आकड्यातून कळत नाही.

निव्वळ फॉर्मवर विसंबू नये याला आणखी एक कारण आहे. 2019 साली हार्वर्डमधल्या भौतिकशास्त्राच्या सुरुवातीच्या वर्गांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काही विद्यार्थी उत्तम व्याख्यान ऐकत होते. दुसरे तोच भाग गटात बसून, उदाहरणे सोडवत शिकत होते. चाचणीत दुसऱ्या गटाला अधिक गुण मिळाले. पण आपण किती शिकलो असे वाटते, या प्रश्नावर त्याच गटाने स्वतःला कमी गुण दिले. डोक्याला ताण पडला की आपल्याला येत नाही असे वाटते. ओघवते भाषण ऐकले की सगळे समजले असे वाटते. जो अध्यापक मुलांना विचार करायला लावतो त्याच्या फॉर्मवर आधी नाराजी येऊ शकते, आणि तेव्हा त्याच्या पाठीशी उभे राहील असे जाणते माणूस संस्थेत असावे लागते.

मुलांना वर्गात काही करायला लावल्याने फरक किती पडतो? विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या पदवी वर्गांवरचे 225 अभ्यास एकत्र करून 2014 साली एक विश्लेषण प्रसिद्ध झाले. केवळ व्याख्यान असलेल्या वर्गांत नापास होणारे सरासरी 33.8 टक्के होते. जिथे विद्यार्थी वर्गातच प्रश्न सोडवत, चर्चा करत, तिथे 21.8 टक्के. आपल्या परीक्षा वेगळ्या आहेत, तुकड्या मोठ्या आहेत, हे मान्य. तरी शंभरांत बारा मुलांचे वर्ष वाचणे म्हणजे काय, हे ज्यांच्या घरातले पहिलेच मूल कॉलेजात गेले आहे त्यांना विचारावे.

बोस-आइनस्टाइन संघननावरच्या कामासाठी 2001 चे नोबेल मिळवलेले कार्ल वाइमन नंतर याच कामाकडे वळले. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात 2007 पासून त्यांनी जी योजना चालवली तिच्यात विषयात पीएच.डी. केलेले तरुण थेट विभागांत नेमले गेले. भौतिकशास्त्राच्या विभागात भौतिकशास्त्राचा, जीवशास्त्राच्या विभागात जीवशास्त्राचा. ते अध्यापकाबरोबर बसून एकेका पेपरची पुनर्रचना करत: विद्यार्थ्याला सत्राअखेर नेमके काय करता यायला हवे, तो कुठे अडतो, वर्गात काय बदलावे. प्रशिक्षण विभागाच्या दाराशी आणल्यामुळे ते कामाचा भाग झाले. ब्रिटनमध्ये 1997 च्या डिअरिंग अहवालानंतर नव्या अध्यापकांसाठी अध्यापनाचे पदव्युत्तर प्रमाणपत्र अनेक विद्यापीठांत रूढ झाले, त्यातही एकमेकांचे तास पाहणे असते.

आपल्याकडे काहीच नाही असे मुळीच नाही. आयआयटी मुंबईने प्रा. दीपक फाटक यांच्या पुढाकाराने दहा हजार अभियांत्रिकी अध्यापकांना प्रशिक्षण देण्याचा प्रकल्प चालवला. त्यात दूरदूरच्या महाविद्यालयांतली केंद्रे जोडली होती. मुख्य व्याख्यान आयआयटीतून प्रक्षेपित होई, पण प्रयोग आणि शंकासमाधान त्या त्या केंद्रावर, आधी तयार केलेल्या समन्वयकासमोर चाले. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने मुले विज्ञानात कुठे आणि का चुकतात यावर अनेक वर्षे काम केले आहे. राज्य सरकारने पुण्यात अध्यापक विकासासाठी स्वतंत्र अकादमी काढली आहे. साधने आहेत, माणसेही आहेत. अध्यापकाच्या स्वतःच्या वर्गापर्यंत पोचणारा शेवटचा टप्पा तेवढा जोडायचा राहिला आहे.

त्या शेवटच्या टप्प्यात काय दिसते? मागच्या बाकावर बसलेल्या सहकाऱ्याला जे दिसते ते फळ्यापाशी उभ्या असलेल्या माणसाला दिसूच शकत नाही. ‘समजले का?’ असे विचारल्यावर मान हलवणारे पहिल्या दोन बाकांवरचे असतात. मागचे चाळीस जण फळ्यावरचे शब्दशः उतरवत असतात. प्रश्न विचारल्यानंतर अध्यापक किती वेळ थांबतो? मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने 1970 च्या दशकात दाखवून दिले की शिक्षक साधारण एक सेकंद थांबतात आणि स्वतःच उत्तर देतात. ती शांतता तीन सेकंदांवर नेली तरी उत्तरे लांबतात, अधिक मुले बोलू लागतात. ती शांतता अध्यापकाला स्वतःला फार मोठी वाटते. घड्याळ पाहणारे दुसरे कोणी असले की कळते, ती किती लहान होती.

आपल्या वर्गांत भाषेची एक गाठ आहे आणि तीही मागूनच दिसते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला व्याख्या इंग्रजीत सांगितली जाते, स्पष्टीकरण मराठीत होते, उत्तर पुन्हा इंग्रजीत लिहायचे असते. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला संकल्पना कळलेली असते. शेजारणीला ती हलक्या आवाजात नीट समजावून सांगते. वहीवर मात्र पेन थांबते. अध्यापकाला कोरी वही दिसते आणि मुलीला काही कळले नाही असे त्याला वाटते. तिचा अडथळा विषयाचा नसून वाक्यरचनेचा आहे, हे बाजूच्या बाकावरून ते कुजबुजणे ऐकणाऱ्यालाच कळेल. मग उपायही वेगळा निघतो: तोच भाग पुन्हा सांगण्याऐवजी दोन ओळी इंग्रजीत लिहून घेण्यासाठी पाच मिनिटे राखून ठेवणे. नऊची एसटी उशिरा येते म्हणून रोज पहिली दहा मिनिटे चुकणारी मुले, प्रात्यक्षिकात उपकरणाला हात न लावता फक्त आकडे टिपणाऱ्या मुली, या गोष्टीही कोणत्याच रिफ्रेशरच्या वेळापत्रकात सापडणार नाहीत.

पाहणाऱ्यालाही शिकावे लागते. ‘आवाज छान होता, फळ्याचा वापर चांगला’ असे शेरे कोणाच्याच कामाचे नाहीत. ब्रिटिश कोलंबिया आणि मेन या विद्यापीठांतल्या अभ्यासकांनी 2013 मध्ये निरीक्षणाचा एक तक्ता प्रसिद्ध केला. दर दोन मिनिटांनी अध्यापक काय करतो आहे आणि विद्यार्थी काय करत आहेत, एवढेच त्यात खूण करून नोंदवायचे. चांगले-वाईट ठरवायचे नाही. तास संपल्यावर तो कागद अध्यापकापुढे ठेवला की बोलणे आपोआप मुद्द्यावर येते. या पुस्तकात असा तक्ता आपल्या वर्गांना जुळेल अशा रूपात दिला आहे, आणि माझ्या मते तो भाग वाचकांनी सर्वात आधी वापरून पाहावा.

एक अडचण लपवून चालणार नाही. आपल्या महाविद्यालयांत वर्गात कोणी येऊन बसणे म्हणजे तपासणी, असे समीकरण घट्ट आहे. प्राचार्य बसले तर त्याचा संबंध गोपनीय अहवालाशी लागतो, विभागप्रमुख बसले तर जुन्या रागलोभांशी. ही भीती निराधार नाही. म्हणून मदत आणि मूल्यमापन यांची फारकत कडकपणे पाळली पाहिजे. जो वर्गात बसेल त्याने फाइलीत काही लिहू नये, आणि जो फाइलीत लिहितो त्याने या कामासाठी वर्गात बसू नये. शक्य तर जोडी दुसऱ्या विभागातली किंवा शेजारच्या महाविद्यालयातली असावी. पाहणी दोन्ही बाजूंनी व्हावी: आज तू माझ्या वर्गात, पुढच्या आठवड्यात मी तुझ्या. ज्येष्ठांनी आपला वर्ग आधी उघडा केला तर कनिष्ठांची भीड चेपते, उलट क्रमाने ती चेपत नाही.

वकिलीत नवखा माणूस सीनियरच्या मागे कोर्टात उभा राहून शिकतो, डॉक्टर वॉर्डात राऊंडला चालत शिकतो. तिथे काम दुसऱ्याच्या नजरेसमोर होते, त्यामुळे कौशल्य एका पिढीकडून दुसरीकडे जाते. महाविद्यालयात एखादा असामान्य अध्यापक निवृत्त होतो तेव्हा त्याची शिकवण्याची रीत त्याच्याबरोबर जाते, कारण सहकाऱ्यांपैकी कोणी ती कधी पाहिलेलीच नसते. निरोपसमारंभात त्याच्या अध्यापनाची स्तुती करणारे सगळे ऐकीव माहितीवर बोलत असतात.

शेवटी त्यांच्याविषयी, ज्यांचा उल्लेख या विषयावरच्या शासकीय कागदांत क्वचितच येतो. राज्यातल्या अनेक महाविद्यालयांत शिकवण्याचा मोठा भार तासिका तत्त्वावरचे अध्यापक वाहतात. त्यांना तासागणिक मानधन मिळते. प्रशिक्षणाला गेलेल्या दिवसांचे काही मिळत नाही, उलट त्या दिवसांचे तास बुडतात. ‘कॅस’ त्यांना लागू नाही, म्हणून त्यांनी ओरिएंटेशन केले काय नि न केले काय, कोणी विचारत नाही. दोन-तीन महाविद्यालयांत धावपळ करत ते वर्षानुवर्षे पहिल्या वर्षाच्या तुकड्या सांभाळतात, म्हणजे ज्या टप्प्यावर विद्यार्थी सर्वाधिक गळतात तिथे तेच उभे असतात. अध्यापक विकासाची जी योजना त्यांना वगळून आखली जाईल ती विद्यार्थ्यांच्या मोठ्या संख्येपर्यंत पोचणारच नाही. रिक्त पदे भरणे हा या प्रश्नाचा खरा उपाय आहे आणि त्याला पर्याय नाही. पण ती भरेपर्यंत या अध्यापकांना मदतीविना ठेवणे समर्थनीय नाही.

हे पुस्तक अध्यापकांसाठी आहे तसेच प्राचार्यांसाठी आणि विद्यापीठांच्या अधिकाऱ्यांसाठी आहे. त्यांना माझी एक विनंती आहे. सहायक प्राध्यापकाचा आठवड्याचा प्रत्यक्ष अध्यापनाचा भार 16 तासांचा ठरलेला आहे. नव्याने रुजू झालेल्यांसाठी, निदान पहिल्या दोन सत्रांत, त्यातला एक तास अनुभवी अध्यापकाच्या वर्गात बसण्यासाठी आणि एक तास आपल्या वर्गात कोणाला तरी बोलावून नंतर त्यावर बोलण्यासाठी धरावा. हे दोन्ही तास वेळापत्रकात छापावेत, वर्कलोडच्या तक्त्यात मोजावेत, आणि तासिका तत्त्वावरच्या अध्यापकांना त्यांचे मानधन द्यावे. यासाठी नवी इमारत लागत नाही, नवे केंद्र लागत नाही. पुढच्या जूनचे वेळापत्रक लावताना हे करता येईल.